सजल, जलयुक्त आणि मंगळावरचा वरवंटा

प्रश्न असा आलाय की मंगळाच्या बातम्यांत येणाऱ्या 'हायड्रेटेड मिनरल'ला, म्हणजे रचनेतच पाणी बांधलेल्या खनिजाला, मराठीत जलयुक्त खनिज म्हणायचं की सजल खनिज. सजल म्हणा. भूशास्त्राच्या मराठीत जिप्समला सजल कॅल्शियम सल्फेट म्हणतात, आणि जलयुक्त म्हटलं की पुढे शिवार आपोआप येतं.

पण खरा वैताग वेगळाच आहे. असलं खनिज दिसलं रे दिसलं की 'मंगळावर पाणी सापडलं' अशी हेडलाइन! अहो पाणी कुठे सापडलंय, पाणी होतं याची साक्ष सापडलीय. जिप्समच्या वजनात सुमारे 21 टक्के पाणी असतं, तरी दगड हाताला ठणठणीत कोरडा, कारण ते पाणी स्फटिकाच्या रचनेत बांधलेलं असतं (भाजून त्यातलं बरंचसं घालवलं की झालं पीओपी). 2011 मध्ये मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला (चाकांच्या यंत्रगाडीला) एंडेव्हर विवराच्या काठाशी जिप्समची शीर दिसली, म्हणजे कधीकाळी खडकाच्या भेगेतून पाणी खेळलेलं. आणि उलटी गंमत बघा, याच रोव्हरला 2004 मध्ये हेमाटाइटच्या बारीक गोळ्या मिळाल्या, त्या हेमाटाइटमध्ये पाणी शून्य, नुसतं लोखंड आणि ऑक्सिजन, तरी त्या गोळ्या खडकात मुरलेल्या पाण्यातूनच तयार झालेल्या. तेव्हा सजल असणं आणि पाण्याची साक्ष देणं या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढं तरी ध्यानात ठेवा.

आता माझ्या आवडीचा ओपल, रत्न म्हणून वापरतात तो. ऑपॉर्च्युनिटीच्या जोडीच्या स्पिरिट रोव्हरचं एक चाक 2006 मध्ये अडकलं, मग ते चाक फरफटत नेताना गुसेव विवरात मातीत चर पडत गेला आणि 2007 मध्ये त्या चरात खालची पांढरीफेक माती उघडी पडली, जवळजवळ 90 टक्के सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजन), ओपलच्या जातीची, म्हणजे अंगात पाणी धरलेली. असली सिलिका गरम झऱ्यापाशी नाहीतर आम्लाच्या वाफेत तयार होते, दोन्हीकडे पाणी हवंच. वर ओपल पाण्यात फार काळ राहिला तर हळूहळू त्याचं क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, होतं, म्हणजे ओपल अजून ओपलच आहे याचा अर्थ नंतर तिथे पाणी फार टिकलं नाही. पाणी आलं हेही तोच सांगतो आणि गेलं हेही तोच!

आणि ओपल हा शब्द मूळचा आपला. लॅटिन ओपॅलस, त्यामागे संस्कृत उपल. त्याला ग्रीकमधल्या 'बघणे'वाल्या शब्दांशी जोडणारे लोक आहेत, त्यांनी खुशाल जोडावं, पण ओपल फक्त भारतातून येतो असं रोमन लेखक प्लिनीच सांगतो, मग नाव कुठून आलं असेल? दुसरी चूक आपल्याकडच्या पंडितांची, उपल म्हणजे रत्न असं ठोकून देतात. तो अर्थ आहे, पण जुना अर्थ साधा दगड, त्यातही वाटायचा दगड. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात एक कवी घरची माहिती देतो, मी कवी, बाप वैद्य, आई 'उपलप्रक्षिणी', म्हणजे दगडावर दळणारी. दृषद् आणि उपला ही जोडी म्हणजे आपला पाटा-वरवंटा! माझं मत असं की व्यापाऱ्याला विचारलं हे काय, तो म्हणाला उपल, दगड आहे, आणि रोमनांनी तेच रत्नाचं नाव करून टाकलं. याला लेखी पुरावा मागू नका, मला पटतं.

जाता जाता, ओपलला स्फटिक म्हणू नका. स्फटिकात अणू ओळीने लागलेले असतात, ओपलमध्ये तशी शिस्त नाही, म्हणून काटेकोर भूशास्त्रज्ञ त्याला खनिजसुद्धा म्हणत नाहीत, खनिजासारखा म्हणतात. म्हणजे तुमच्या 'सजल खनिज'मधलं सजल इथे लागू आहे, खनिजाबद्दल त्यांच्याशी भांडा.