घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर, नुकसान सुनेचं

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. गेल्या पावसाळ्यात वाशिष्ठीचं पाणी माजघरात शिरलं, मागची भिंत बसली, पंचनामाही झाला. पण घरपट्टी अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, मुंबईचे दीर संमतीपत्रावर सही करत नाहीत आणि मदत अडकली. त्यात कुणीतरी सांगितलं की, मुलगा लोट्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, घरचं उत्पन्न 3 लाखांच्या वर जातं, मग सरकारी वकील फुकट कसा मिळेल?

सांगणाऱ्याने कायदा अर्धाच वाचलाय. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 मध्ये कुणाला मोफत मदत मिळते याची यादी आहे. उत्पन्नाची अट (महाराष्ट्रात वर्षाला 3 लाख) त्या यादीतली फक्त एक बाब. स्त्री असणं ही वेगळी बाब, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडणं ही आणखी वेगळी. एकीत बसलं तरी पुरतं, तुम्ही दोन्हींत बसता. तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत रांग लावू नका.

चिपळूणच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे साधा मराठी अर्ज द्या. जायला जमत नसेल तर 15100 वर फोन करा. वकील, कोर्ट फी, नकला, टायपिंग, सगळं त्यात येतं. नेमलेला वकील वर काही मागू लागला तर देऊ नका, समितीकडे तक्रार करा. मात्र वकील फुकट म्हणजे निकाल तुमच्याच बाजूने, असं नाही. दाव्यात दम आहे का, हेही समिती बघते.

तुमच्या दाव्यात आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीचा उतारा, करवसुलीसाठी असतो, मालकी त्याने ठरत नाही. तुमचे यजमान सासऱ्यांच्या आधी गेले असं तुम्ही लिहिता. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने आधी गेलेल्या मुलाची विधवा ही पहिल्या वर्गातली वारस. म्हणजे दिरांसारखाच तुमचाही पाय त्या घरात आहे.

आता कामाचं. "पैसे अडकलेत" हे तोंडी ऐकून परत येऊ नका. तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पंचनाम्याची प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात, 10 रुपये भरून. पंचनाम्यात राहणार कोण म्हणून लिहिलंय, ते आधी तपासा. तुमचंच नाव असेल तर वकिलाचं अर्धं काम झालं.

दिरांवर थेट दावा लावायची घाई नको. कोकणातलं सामाईक घर कोर्टात गेलं की नातवंडं तारखा मोजतात. दाव्याआधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं. फी नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून सही विचार करून करा. दीर गणपतीला गावी येतात ना? समितीला ते अर्जातच सांगा, सुट्टीच्या आसपासची तारीख मागा.