कॉव्हेंट्री बीज (Bees, म्हणजे मधमाश्या) या इंग्लंडच्या स्पीडवे संघाचा इतिहास काय आहे? स्टेडियमच बंद पडलं म्हणजे संघ संपला असंच म्हणायचं ना?

नाही, असं म्हणायचं नाही. ‘संपला’ म्हणणाऱ्यांशी मी बरीच वर्षं भांडतोय, त्यामुळे उत्तर लांबेल.

कॉव्हेंट्रीच्या पूर्वेला वॉरिकशायरमध्ये ब्रँडन नावाचं गाव आहे. तिथलं स्टेडियम १९२८ चं, म्हणजे ज्या वर्षी स्पीडवे, मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींचा हा खेळ, इंग्लंडात रुजला त्याच वर्षीचं. शहर गाड्या बनवणाऱ्यांचं. सुरुवातीच्या काळात गाजलेली रज कंपनीची डर्ट-ट्रॅक मोटारसायकल कॉव्हेंट्रीतच तयार व्हायची. बीज संघ मात्र युद्धानंतरचा, १९४८ चा. चार्ल्स ऑकिलट्री यांनी तो कित्येक दशकं चालवला. १९५३ मध्ये दुसरा विभाग जिंकला. मग पहिल्या फळीची आठ विजेतेपदं: १९६८, १९७८, १९७९, १९८७, १९८८, २००५, २००७, २०१०. ब्रँडनवर शेवटचा हंगाम २०१६ चा.

माणसांशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. नायजेल बूकॉक १९५९ मध्ये आला आणि १९७६ पर्यंत याच संघात राहिला. निळे लेदर घालायचा. १९६८ चं विजेतेपद त्याच्या काळातलं. त्याच्यानंतर डेन्मार्कचा ओले ओल्सेन. तीनदा जगज्जेता, त्यातलं १९७८ चं पद बीजकडे असताना वेम्बलीवर मिळवलेलं. ओल्सेन मोठा होताच, पण कॉव्हेंट्रीत आजही बूकॉकचंच नाव आधी निघतं आणि ते बरोबर आहे असं माझं मत आहे. जगज्जेतेपद न मिळवता माणूस एका गावाचा होऊन जातो, ते जास्त अवघड.

मला हे सगळं कळलं ते एका फिटरमुळे. नोकरीसाठी कॉव्हेंट्रीला आलो तेव्हा टूलरूममध्ये माझ्या शेजारच्या बेंचवर हे गृहस्थ होते, निवृत्तीला टेकलेले. लहानपणापासून ब्रँडनला जाणारे. एका शुक्रवारी म्हणाले, चल, आज घरी बसू नकोस. तिकीट त्यांनीच काढलं. आत शिरताच हातात सामन्याचं छापील पत्रक आणि एक पेन्सिल दिली. पत्रकात प्रत्येक शर्यतीसाठी रकाने असतात. कोण कितवा आला, किती गुण, एकूण किती, हे प्रेक्षकाने स्वतः भरायचं. आजूबाजूला बघितलं तर आज्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे पेन्सिली सरसावून उभे. एका सामन्यात पंधरा शर्यती, संघात सात जण. एका शर्यतीत दोन्हीकडचे दोन-दोन, म्हणजे चार स्वार आणि चार फेऱ्या. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला काही नाही. मिनिटभरात शर्यत संपते.

गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची. गिअर एकच, ब्रेक नाहीत. इंधन मिथेनॉल. इंजिनात एरंडेलाच्या जातीचं तेल, त्यामुळे धुराला जो वास येतो तो कपड्यांतून दोन धुण्यांत जात नाही. (ज्या चेक जावाच्या परवान्यावर म्हैसूरला गाड्या बनायच्या, त्याच जावाने एके काळी स्पीडवे गाजवलेलं आहे. हे ऐकून मला फार आनंद झाला होता.) स्वाराच्या डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बांधलेला असतो. वळणावर तो पाय जमिनीवर टेकवून, मागचं चाक बाहेर फेकत, पुढचं चाक उलट्या दिशेला वळवून तो गाडी घसरवत नेतो. दाखवायला कुणी करत नाही, त्या वेगात वळायचा हाच मार्ग आहे.

फिटरसाहेबांनी मला मुद्दाम वळणाबाहेर उभं केलं. पहिल्याच फेरीत चार गाड्यांनी उडवलेली लालसर भरड माती तोंडावर, कॉलरमध्ये, चहाच्या कपात. त्यांनी कपावर तळहात ठेवला होता, मला सांगितलं नव्हतं. त्या रात्री ख्रिस हॅरिसला पहिल्यांदा पाहिलं. सुरुवातीला शेवटचा. मग सगळे आत दाटी करत असताना हा कुंपणाला घासून, बाहेरच्या सैल मातीतून, जिथे जायची कुणाची छाती होत नाही तिथून एकेकाला मागे टाकत आला. २००७ मध्ये कार्डिफला ब्रिटिश ग्रां प्री (जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली एक स्पर्धा) त्याने अशीच जिंकली, शेवटच्या वळणावर अमेरिकेच्या ग्रेग हॅनकॉकला मागे टाकून. तेव्हा तो बीजचाच स्वार होता.

२०१० तर कोणी विसरू नये. साखळीत पूल (Poole, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गावाचा संघ) पहिला, चांगला पुढे. अंतिम सामन्यात बीजने त्यांना हरवलं. पूलवाले अजून कुरकुरतात की प्ले-ऑफची, म्हणजे साखळीनंतर वरच्या संघांत सामने खेळवून विजेता ठरवायची, पद्धतच चूक. नियम हंगामाआधी सगळ्यांना माहीत होते, विषय संपला.

आता मूळ भांडण. आमच्या मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या पंगतीत एक जवळचा मित्र म्हणाला, “अरे, कुणी जात नव्हतं म्हणून बंद पडलं ते. आता ओसाड जागा आहे, घरं झाली तर बिघडलं कुठं?” त्याच्याशी तेव्हापासून माझा वाद आहे.

पहिली गोष्ट, ब्रँडन प्रेक्षकांअभावी बंद पडलं नाही. जमीन बांधकामाच्या हेतूने घेतली गेली आणि शर्यतींना जागा मिळेनाशी झाली. २०१० चा विजेता संघ सहा वर्षांत आपसूक मरत नाही. तिथे स्टॉक कारच्या शर्यतीही व्हायच्या, त्याही गेल्या. दुसरी गोष्ट, जागा ओसाड आहे कारण ती बंद ठेवली गेली. नंतर तिथे नासधूस झाली, आगी लागल्या. दार बंद करायचं आणि मग आत धूळ साचली म्हणून पाडायला निघायचं, याला काय म्हणावं? तिसरी गोष्ट त्याला कधीच ऐकायची नसते: १२४ घरांचा अर्ज रग्बी बरो कौन्सिलने (ब्रँडन ज्यांच्या हद्दीत येतं त्या स्थानिक परिषदेने) २०२२ मध्ये नाकारला आणि त्यावरचं अपील २०२३ च्या चौकशीनंतर फेटाळलं गेलं. तिथे मुद्दा हाच होता की ही क्रीडासुविधा निरुपयोगी झालेली नाही. चाहत्यांनी वर्षानुवर्षं कागद गोळा केले, नियोजनाचे नियम पाठ केले, स्वतःचे पैसे घातले. मेलेल्या संघासाठी कोण एवढं करतं?

संघही लगेच थांबला नव्हता. २०१७ ला लीग हुकली, पण २०१८ मध्ये बीज लेस्टरच्या ट्रॅकवर नॅशनल लीगमध्ये उतरले. तिसरी फळी, परकं मैदान, तरी नाव तेच आणि बघायला येणारी माणसंही तीच.

मान्य करायच्या गोष्टीही आहेत. पन्नाशीच्या दशकातली गर्दी इंग्लंडात कुठेच राहिलेली नाही. गावाशेजारी मोटारींचा आवाज हा खरा त्रास आहे. घरांची टंचाईही खरी आहे, आमच्याच मुलांना घर परवडत नाही. आणि अपील फेटाळलं म्हणजे उद्या शर्यती सुरू होतील असं नाही. दुसरे स्पीडवे संघही बघा. स्विंडनचे रॉबिन्स २०१९ नंतर उतरलेले नाहीत. पीटरबरो २०२१ मध्ये विजेते होते आणि २०२३ नंतर त्यांचं मैदान गेलं. वुल्व्हरहॅम्प्टनचंही त्याच वर्षी. म्हणूनच मी म्हणतो, एकेक मैदान असं ‘कुणी जात नाही’ म्हणत सोडून देऊ नका.

मित्राचं शेवटचं पालुपद असतं, “एकदा बंद झालेलं परत उघडत नाही.” ऑक्सफर्डचं स्टेडियम २०१२ मध्ये बंद झालं होतं. २०२२ मध्ये तिथे पुन्हा स्पीडवे सुरू झाला. ब्रँडनहून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. मी त्याला कितीदा म्हटलं चल, तिकीट माझं, तो येत नाही. तुम्ही इंग्लंडात असाल तर मार्च ते ऑक्टोबर हंगाम असतो. लेस्टरला जा, आणि जवळ उभ्या असलेल्या कुणाही वयस्कर माणसाला ब्रँडनबद्दल विचारा. माझ्यापेक्षा चांगलं उत्तर मिळेल.