कार्पेटचा थर सुटून फुगवटे आलेत, दुकानदार वॉरंटी मानत नाही. काय करावं?

सगळ्यात आधी: दुकानदाराचा किंवा कंपनीचा तपासनीस येऊन जाईपर्यंत कार्पेट काढू नका, कापू नका. काढलं की पुरावाच गेला.

भिंतीकडेचा एक कोपरा पक्कडीने दोन बोटं उचलून बघा. मागचं जाळीदार कापड हाताने सहज सोलून येत असेल आणि तिथे कधी पाणी मुरलेलं नसेल, तर दोष बहुधा कारखान्यातला. कापड घट्ट आहे, नुसत्या लाटा आहेत, तर बसवताना ताण कमी पडला असण्याची शक्यता जास्त. ती चूक सहसा कंपनीच्या वॉरंटीत येत नाही, बसवणाऱ्याला धरावं लागतं.

फोटो अंधारात, टॉर्च जमिनीलगत आडवा धरून काढा. वरून फ्लॅश मारला की फुगवटा दिसतच नाही.

बिल, रोल नंबर (कार्पेट ज्या गुंडाळीतून कापलं तिचा क्रमांक; उरलेल्या तुकड्यामागे असेल तर बघा) आणि सफाईच्या पावत्या जोडून दुकानदार आणि कंपनी दोघांना ईमेल करा, फोनवर भागवू नका. पावत्यांवरच बरेच दावे अडतात: अनेक वॉरंटींत 12 ते 18 महिन्यांतून एकदा गरम पाण्याची व्यावसायिक सफाई सक्तीची असते.

नकार आला तर कारण आणि तपासणी अहवालाची प्रत लेखी मागा, मग स्वतंत्र तपासनीस बोलवा.