वाचक विचारतात : रुग्णालयातली निसर्गचित्रे

प्रश्न : वॉर्डांत चित्रे लावायची आहेत. देणगीदारांना अमूर्त चित्रे हवीत, डॉक्टरांना निसर्गचित्रे. निर्णय कसा करावा?

वॉर्डापुरते डॉक्टरांचे ऐका. या वादात रुग्णालयांच्या रचनेचे अभ्यासक रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. पण हा अभ्यास खिडकीचा आहे, चित्रांचा नव्हे. तुमच्या कामाचे आहेत ते उलरिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेले निष्कर्ष. स्वीडनमधल्या उप्साला इथे हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसमोर वेगवेगळी चित्रे ठेवली होती. पाणी आणि झाडे असलेल्या मोकळ्या दृश्यासमोर अस्वस्थता कमी आढळली. सरळ रेषांच्या अमूर्त चित्रासमोर मात्र ती चित्रच नसलेल्यांपेक्षाही जास्त होती.

तरी निसर्गचित्र म्हटले की काहीही चालते असे नाही. दाट काळोखे जंगल, भरून आलेले आभाळ, वाळलेली झाडे, रोखून पाहणारा प्राणी हे सगळे वॉर्डाबाहेर ठेवा. हिरवा माळ, संथ पाणी, मधल्या अंतरावरची झाडे, कुठे जाते ते दिसणारी पायवाट असे विषय निवडा. तापात किंवा गुंगीच्या औषधात असलेल्या माणसाला धूसर आकारांत चेहरे दिसू लागतात, आणि त्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही. अमूर्त चित्रे प्रवेशदालनात लावा. तिथे माणूस चालता असतो, देणगीदारांचे नावही जास्त लोक वाचतात!

प्रश्न : चित्रे किती उंचीवर लावावीत?

उभ्याने पाहायचे असेल तर चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमी. प्रतीक्षागृहात लोक बसलेले असतात, म्हणून तिथे २० सेंमी खाली आणा. खुर्च्यांच्या रांगेमागे लावत असाल तर डोकी आणि खुर्च्यांच्या पाठी लागणार नाहीत एवढे अंतर मात्र सोडा. वॉर्डात हे आकडे विसरा. पलंगाचा डोक्याकडचा भाग ३० अंश उचलून त्यावर स्वतः आडवे व्हा आणि समोरच्या भिंतीवर नजर सहज जिथे टेकते तिथे खूण करा. उशामागच्या भिंतीवरचे चित्र फक्त भेटायला आलेल्यांना दिसते. हीच तपासणी रात्री दिवे लावूनही करा. चकचकीत काचेत ट्यूबलाइट उमटली, तर रुग्णाला चित्राऐवजी तीच दिसत राहते. मॅट लॅमिनेशनने हा त्रास बराच कमी होतो.

मार्गिकेत फ्रेमची खालची कड धक्कापट्टीच्या (स्ट्रेचर-ट्रॉलींचे धक्के झेलणारी भिंतीवरची पट्टी) बरीच वर हवी, आणि फ्रेम भिंतीपासून फार पुढे आलेली नको. स्ट्रेचरचे कोपरे आणि सलाइनचे स्टँड अशा फ्रेमा हमखास उखडतात. एका खिळ्यावर टांगू नका. वर दोन आणि खाली एक अशी कुलपी पट्टी लावली की चित्र तिरके होत नाही, सहजी काढताही येत नाही.

प्रश्न : छायाचित्र मोठे छापून ॲक्रिलिकमागे बसवले. काही महिन्यांत ॲक्रिलिक दुधाळ झाले, बारीक चिरा पडल्या. छापाई खराब होती का?

छापाईचा दोष नाही, पुसण्याचा आहे. अल्कोहोल असलेल्या जंतुनाशकाने ॲक्रिलिकवर केसासारख्या चिरा पडतात, कापलेल्या कडांपाशी आणि स्क्रूच्या भोकांपाशी सर्वात आधी. तिथे आतला ताण आधीच असतो. रोज जंतुनाशकाने पुसले जाणार असेल तर लॅमिनेटेड सेफ्टी ग्लास घ्या. वजन वाढेल, म्हणून भिंत पोकळ पार्टिशनची आहे का ते आधी पाहा. फ्रेमची मागची बाजू टेपने पूर्ण बंद करा, नाहीतर ओल आणि धूळ आत शिरते. जंतुनाशक थेट चित्रावर फवारू नये, कापडावर घेऊन पुसावे. फवारा कडेतून आत झिरपतो आणि छापाई फुगते.

नवीन छापताना आकाराचा हिशेब आधी करा. ४ बाय ६ फुटांच्या चित्राला इंचामागे १०० पिक्सेल हवे असतील तर ४८०० बाय ७२०० पिक्सेलची फाइल लागते. ३००० बाय ४००० च्या फोटोतून इंचाला जेमतेम ५५ पिक्सेल मिळतात. लांबून ते खपेल, पण पलंगापासून दीड मीटरवर पाने धूसर दिसतील. शाई पिगमेंटची (रंगाचे बारीक कण असलेली) मागा. डाय (विरघळलेल्या रंगाची) शाई उजेडात लवकर उडते.

प्रश्न : स्कॅनच्या खोलीत छतावर आकाशाचे पॅनेल बसवायचे आहेत. काय पाहावे?

कल्पना उत्तम आहे. फिनलंडमधल्या पाइमिओ क्षयरोग रुग्णालयात (१९३३) वास्तुविशारद अल्वार आल्तो यांनी पडून राहणाऱ्या रुग्णाचा विचार करून खोल्यांची छते गडद हिरवी रंगवली होती.

चित्र खालून वर पाहिल्यासारखेच हवे: झाडांचे शेंडे, त्यांच्यामधले आकाश. क्षितिज असलेले दृश्य छतावर लावले की गरगरल्यासारखे होते. सगळ्या पॅनेलांत उजेड एकाच दिशेने येऊ द्या. ६०० बाय ६०० मिमीच्या चौकटीत पॅनेल बसते, पण वजन फॉल्स सीलिंगच्या पट्ट्यांवर टाकू नका, तारांनी स्लॅबला टांगा. स्प्रिंकलर, धूर-संवेदक आणि एसीची जाळी झाकू नका. पॅनेलचा उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे.

एमआरआयच्या खोलीत लोखंडी स्क्रूसुद्धा चालत नाही, आणि एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा डबा) शील्डच्या, म्हणजे बाहेरच्या रेडिओ लहरी अडवणाऱ्या खोलीच्या आवरणाच्या, बाहेर ठेवून तार फिल्टरमधून आत न्यावी लागते. नाहीतर प्रतिमेत रेघोट्या येतात. यंत्रे सांभाळणाऱ्या अभियंत्याच्या लेखी होकाराशिवाय यातले काहीही बसवू नका.

प्रश्न : खऱ्या शेवाळाची भिंत करावी का?

रुग्णांच्या भागात नको. ओली माती आणि शेवाळ म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि प्रतिकारशक्ती घटलेल्यांना ती जिवावर बेतू शकते.

प्रश्न : स्मृतिभ्रंशाच्या वॉर्डात जमिनीवर ओढ्याचे स्टिकर लावावे का?

जमिनीवर अजिबात नको. चमकती निळी पट्टी तिथल्या रुग्णांना खरे पाणी वाटते, गडद पट्टी खड्डा वाटते. मग ते थबकतात किंवा ओलांडायला जाऊन पडतात. तेच चित्र भिंतीवर घ्या. व्हिनाइल (छापील चिकट प्लास्टिक) चिकटवायचे असेल तर नवा गिलावा किमान महिनाभर वाळू द्या, भिंतीला ओल असेल तर आधी ती काढा, नाहीतर फुगे येतील. प्रसाधनगृहाच्या दारावर मात्र चित्र चढवू नका. दार चित्रात हरवले, तर रुग्णाला ते सापडत नाही.