पानांचे ठसे उमटवून दसऱ्याची शुभेच्छापत्रं करतेय, पण शिरा उमटतच नाहीत. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की जास्वंदाच्या पानाला ब्रशने रंग लावून कार्डावर दाबलं, तर नुसता डाग पडतो. बहुतेक रंग पानाच्या वरच्या बाजूला लागतोय, आणि जास्त लागतोय.

रंग नेहमी पानाच्या पाठीला लावायचा. शिरा तिथे उठून आलेल्या असतात आणि कागदाला त्याच टेकतात. पेरूच्या पानाच्या पाठीवरून बोट फिरवून बघा, लगेच कळेल. सुरुवात पेरूनेच करा. आंब्याचं पान फार तुकतुकीत, त्यावर रंग धरत नाही.

पान तोडल्या तोडल्या वापरू नका. वर्तमानपत्राच्या घडीत घालून एक रात्र जाड पुस्तकांखाली ठेवा. ताजं पान दाबताना सरकतं, पार वाळलेलं चुरतं, मधलं हवं.

पोस्टर कलरमध्ये पाणी जवळजवळ घालूच नका. ब्रश बाजूला ठेवा, स्पंजचा तुकडा घ्या. तो रंगात बुडवून आधी रद्दीवर दोनदा टेकवायचा आणि मग हलक्या हाताने पानावर टिपायचा. खालचा हिरवा रंग थोडा दिसत राहिला पाहिजे. रंगाची बाजू कार्डावर ठेवून वर कोरा कागद घाला, एका हाताने पान घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मधल्या शिरेपासून कडेकडे चोळत जा. मग देठाला धरून एका दमात उचला. पहिला ठसा मी कायम रद्दीवरच घेते. दुसरा-तिसरा सगळ्यात रेखीव येतो.

कार्डासाठी २५० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासची कार्डशीट पुरते. ए-४ कागद अर्धा कापून दुमडला की पोस्टकार्डाएवढं कार्ड होतं. दुमडण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने रेघ दाबून घ्या, नाहीतर घडीवर कागद फुटतो.

दसऱ्यासाठी मात्र आपटाच घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. दोन पाळ्यांचं ते पान, देठापासून पंख्यासारख्या पसरलेल्या शिरा, ठशात इतकं सुंदर दिसतं! बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पानं मिळतात. ती मोठी असतात, छोट्या कार्डावर मावत नाहीत. दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडलेल्या बघून मला फार वाईट वाटतं. गेल्या वर्षी मी एकाच पानावर चौदा कार्डं केली, म्हणजे चौदा घरी सोनं पोचलं आणि झाडाचं एक पान गेलं. सोनेरी रंग टाळा, त्यात शिरा बुजतात. मरून रंगाच्या कार्डशीटवर पिवळ्यात किंचित तपकिरी मिसळून ठसा घ्या, तो जास्त सोन्यासारखा दिसतो.

आणि कार्डं रात्रभर उघडी वाळू द्या. ओलसर असताना पाकिटात घातली, तर ठसा पाकिटालाच चिकटून निघून येतो.