377 कलम मुळात आपलं की इंग्रजांचं? आणि आता गे असणं गुन्हा आहे का?

नाही, आता गुन्हा नाही, आणि कलम इंग्रजांचंच. मी फोर्टला वकिलाकडे ड्राफ्टिंग करतो म्हणून सांगतो, 1860 च्या आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत, इंग्रजांनी हे 377 घातलं, शब्द काय तर ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोग, आणि शिक्षा थेट जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत कैद. त्यांनी हेच कलम जिथेतिथे नेलं, म्हणून पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमारमध्ये आजही नंबर 377 च, सिंगापूरने त्यांचं 377ए 2022 मध्ये काढलं. खुद्द इंग्लंड-वेल्सने 1967 लाच गुन्हा काढायला सुरुवात केली, आपण मात्र सांभाळून ठेवलं! आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला सज्ञान लोकांच्या संमतीच्या संबंधांना यातून बाहेर काढलं. उलट युगांडात 2023 च्या कायद्यात काही प्रकारांना फाशीसुद्धा आहे.

फक्त एक, गुन्हा नाही म्हणजे लग्न चालतं असं नाही, ते 2023 ला कोर्टाने संसदेवर सोडलं. त्यामुळे बोरिवलीत दोघांनी मिळून फ्लॅट घेतला तरी सोसायटीच्या नॉमिनेशन फॉर्मवर नात्याच्या रकान्यात ‘पती’ किंवा ‘पत्नी’ लिहिता येत नाही.