वाचकांचे प्रश्न : नोट्सचा सर्व्हर घरच्या घरी

प्रश्न : घरात २ जीबीचा रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक पडून आहे. ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपमधल्या नोट्स लॅपटॉपवर आणि दोन फोनवर सारख्या राहाव्यात म्हणून पायवर काउचडीबी हा डेटाबेस आणि ऑब्सिडियनमध्ये लाइव्हसिंक हे सिंकचं प्लगइन वापरायचं ठरवलं. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं साधन) बसला, पण काउचडीबीची इमेज (कंटेनरसाठीचं तयार पॅकेज) उतरवताना ‘जुळणारं मॅनिफेस्ट नाही’ असा एरर येतो. पाय कमी पडतोय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पाय कमी पडत नाही. तुमच्या कार्डावर ३२ बिटांची ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि काउचडीबीची अधिकृत इमेज एआरएमसाठी (पायमधल्या प्रोसेसरच्या प्रकारासाठी) फक्त ६४ बिटांत मिळते. रास्पबेरी पाय ओएसची ६४ बिटांची लाइट (डेस्कटॉपशिवायची) आवृत्ती नव्याने टाका. तीन उपकरणांच्या नोट्सना २ जीबी मेमरी पुरते.

नव्याने मांडणी करतच आहात, तर डेटा एसडी कार्डावर ठेवू नका. काउचडीबी प्रत्येक बदल फाइलच्या शेवटी नव्याने लिहितो आणि लाइव्हसिंक तर टाइप करता करताच बदल पाठवत राहतो. सततच्या लिखाणाने कार्ड झिजतं. छोटी एसएसडी निळ्या यूएसबी पोर्टला लावा आणि ती ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल पद्धतीत फॉरमॅट करा. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फाइलची मालकी नोंदवली जात नाही, आणि काउचडीबीचं नेमकं तिथेच अडतं : कंटेनरच्या आत तो ५९८४ क्रमांकाचा युजर म्हणून चालतो. डेटाचा फोल्डर त्या क्रमांकाच्या मालकीचा करा, नाहीतर कंटेनर परवानगीच्या एररने पुन्हा पुन्हा पडू शकतो. चार्जर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचाच हवा. मोबाइलच्या चार्जरवर एसएसडी जोडली की व्होल्टेज खाली येतं आणि डिस्क मध्येच गायब होते. दोष मात्र एसएसडीला लागतो.

कंटेनर उभा करताना युजर आणि पासवर्ड द्यावाच लागतो, आवृत्ती ३ पासून त्याशिवाय काउचडीबी सुरूच होत नाही. डेटाच्या फोल्डरबरोबर कॉन्फिगचा ‘लोकल डॉट डी’ फोल्डरही एसएसडीवर जोडा. तो जोडला नाही तर इमेज अपडेट करून कंटेनर नव्याने बनवताच केलेली सगळी सेटिंग्ज जातात. मग ब्राउझरमध्ये ५९८४ पोर्टवर काउचडीबीचं फॉक्सटन हे व्यवस्थापनाचं पान उघडा आणि सेटअपमधून ‘सिंगल नोड’ (एकच सर्व्हर) निवडा. ही पायरी राहिली की युजर्स नावाचा डेटाबेस सापडत नाही म्हणून लॉग एररनी भरत राहतो.

प्रश्न : काउचडीबीशी लॅपटॉपवर सिंक उत्तम चालतं, आयफोनवर मात्र जोडणीच होत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणारी जोडणी पायकडे वळवणं) करूनही बाहेरून सर्व्हर दिसत नाही. (एक वाचिका, पुणे)

उत्तर : इथे दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. आधी पोर्टचं पाहू. राउटरच्या पानावरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमच्या इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे. अशा जोडणीत घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचा माणूस तिथवर पोचत नाही. उघडलेला पोर्ट बंदच करा. डेटाबेस थेट इंटरनेटवर ठेवावा असं आम्हाला कोणत्याच परिस्थितीत वाटत नाही.

त्याऐवजी पायवर आणि सगळ्या फोनवर टेलस्केल (आपल्या उपकरणांना खासगी नेटवर्कने जोडणारं ॲप) टाका. त्यामुळे दुसरी अडचणही सुटते, कारण मोबाइलवरच्या ऑब्सिडियनला वैध प्रमाणपत्र असलेला एचटीटीपीएस पत्ता लागतो. साधा एचटीटीपी किंवा स्वतः बनवलेलं प्रमाणपत्र चालत नाही. टेलस्केलच्या ॲडमिन पानावर मॅजिकडीएनएस (उपकरणांना नावाने शोधण्याची सोय) आणि एचटीटीपीएस सुरू करा, मग पायवर ‘सर्व्ह’ आदेश देऊन तो एचटीटीपीएस पत्ता ५९८४ पोर्टकडे वळवा. प्रमाणपत्र देताना यंत्राचं नाव सार्वजनिक नोंदीत जातं, म्हणून पायला घरातल्या कुणाचं नाव देऊ नका.

तरीही फोन अडला तर काउचडीबीतलं कॉर्स (कोणत्या ॲपला सर्व्हरशी बोलू द्यायचं याची सेटिंग) तपासा. परवानगीच्या यादीत तीन ओरिजिन (ॲपचे पत्ते) लागतात : डेस्कटॉपचा ‘ॲप’ने सुरू होणारा, आयफोनचा ‘कपॅसिटर’ने सुरू होणारा आणि अँड्रॉइडचा साधा एचटीटीपी लोकलहोस्ट. बहुतेक जण पहिलाच लिहून थांबतात, म्हणून लॅपटॉप चालतो आणि फोन नाही. कॉर्समधली क्रेडेन्शियल्सही (लॉगिनची माहिती पाठवण्याची मुभा) चालू ठेवा.

फोन जोडताना रिकामा व्हॉल्ट (ऑब्सिडियनचा नोट्सचा फोल्डर) घ्या, लॅपटॉपवरून सेटअप यूआरआय (जोडणीची माहिती असलेली लिंक) कॉपी करा आणि सर्व्हरवरून ‘फेच’ निवडा. फोनवर ‘रीबिल्ड’ दाबलंत तर सर्व्हरवरच्या नोट्सची जागा फोनमधल्या मजकुराने घेतली जाईल. त्याच व्हॉल्टवर आयक्लाउड चालू असेल तर ते आधी बंद करा. दोन सिंक एकमेकींचे बदल नवे समजून परत पाठवत बसतात आणि एका नोटच्या चार प्रती होतात.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे लाइट सारखी जाते. परत आल्यावर थोडा वेळ सिंक होत नाही, मग आपोआप सुरू होतं. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पाय ४मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. फायबरचा डबा जागा होईपर्यंत पायची तारीख मागेच असते, त्यामुळे प्रमाणपत्रांची तपासणी फसते. इंटरनेट आलं की वेळ जुळते. राउटर आणि पाय दोन्ही एका छोट्या यूपीएसवर घ्या. पायचा खर्च सरासरी ५ वॅट धरला तरी महिन्याला ३.६ युनिटच होतात. कंटेनरला ‘अनलेस स्टॉप्ड’ (मुद्दाम थांबवला नसेल तर पुन्हा सुरू हो) हे रीस्टार्ट धोरण दिलं आहे ना, तेही बघून घ्या.

प्रश्न : फोनवर चुकून एक फोल्डर डिलीट झाला आणि सगळीकडूनच गेला. सर्व्हरवर त्याची प्रत नसते का? (एक वाचिका, पणजी)

उत्तर : डिलीट हाही सिंकच्या दृष्टीने एक बदलच, तो इमानाने सगळीकडे पोचला. सगळ्यात आधी सध्या बंद असलेलं एखादं उपकरण घरात आहे का ते शोधा. सापडलं तर वाय-फाय आणि मोबाइल डेटा तोडूनच ते उघडा आणि फोल्डर पेन ड्राइव्हवर काढून घ्या. लॅपटॉपवर ऑब्सिडियनच्या सेटिंग्जमध्ये ‘फाइल रिकव्हरी’ आहे, तिथे नोट्सच्या काही दिवसांच्या जुन्या प्रती मिळू शकतात. चित्रं आणि पीडीएफ मात्र मिळत नाहीत.

यापुढे लॅपटॉपवरचा व्हॉल्ट रोज तारखेच्या फोल्डरमध्ये वेगळ्या डिस्कवर कॉपी होऊ द्या आणि निदान ३० दिवसांच्या प्रती ठेवा. नोट्स साध्या मार्कडाउन (नुसत्या मजकुराच्या) फाइली असल्याने ही कॉपी कोणत्याही संपादकात उघडते. सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये मात्र नोट्स तुकड्यांत असतात, आणि एन्क्रिप्शन चालू असेल तर पासफ्रेजशिवाय (लांब पासवर्डशिवाय) त्या वाचता येत नाहीत. ती पासफ्रेज कागदावर लिहून कपाटात ठेवा.